ताईच्या कॅसेटवरचा दुसरा आवाज

माझ्या बहिणीच्या पहिल्या कॅसेटवरचा दुसरा आवाज माझा आहे, असं पांढुर्ण्यात अजूनही लोक सांगतात. कोणाच्या लग्नात, कोणी गेल्यावर पुण्यानुमोदनाला जुनं माणूस भेटलं की माझे दोन्ही हात धरून म्हणतं, "बेबी, काय झेल घेतला होता वं तू त्या गाण्यात!" मी हसते. इतकी वर्षं हसतच आले. आता नोकरी संपली, दात गेले, कोणाची भीड धरायचं काही कारण उरलं नाही, म्हणून सांगते. तो आवाज माझा नाही. ती गाणी नागपुरात भरली गेली त्या दिवशी मी मोहगावला मावशीच्या अंगणात बसून लांब पोळ्या खात होते. आणि त्या मला कशापायी खाऊ घातल्या जात आहेत, हे माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

घर आमचं दोन खोल्यांचं. पुढे सारवलेली ओसरी, ओसरीच्या खुंटीला बाबांचं ढोलक. बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू बसलेले असायचे आणि माय त्यांना आधी हातपाय धुवायला लावायची, मग चहा द्यायची. चहा झाला की ढोलक खाली उतरायचं. आत माय ज्वारीची भाकर थापत असायची, आणि बाबा मुद्दाम तिच्या थापेवर ताल धरायचे. ती हात थांबवायची, हेही थांबायचे. ती थापायला लागली की हे पुन्हा सुरू. "भाकर करू द्या ना बापा, काय पोट्ट्यासारखं करून राहिले!" असं ती ओरडायची, पण तिचं अर्धं ओरडणं हसण्यात जायचं. अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा, भाकर, हे आमचं रोजचं जेवण. आणि संत्र्यांच्या दिवसांत घरभर संत्री. चांगली नव्हेत, डागी. मंडीत जी खोक्यात जाणार नाहीत ती बाया पदरात बांधून आणायच्या. आम्ही ती इतकी खायचो की ओठांच्या कडा फुटायच्या आणि मग ठेचा झोंबायचा. ज्यांनी तसा झोंबलेला ठेचा खाल्ला नाही त्यांना मी काय सांगणार!

ताईचं नाव प्रमिला. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दिसायला मायसारखी उंच, गळा मात्र बाबांकडचा, भरीव आणि मोकळा. ती गायला लागली की बोलणारी माणसं आपोआप गप्प व्हायची. माझा आवाज बारीक. एकटीनं गायले असते तर कोणी मान वळवून पाहिलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आम्ही एकटं गायचोच नाही. ताईनं ओळ टाकायची, मी झेलायची. तिची ओळ पुरी व्हायच्या आत, शेवटचा शब्द अजून हवेत असतानाच, मी तीच ओळ खालून उचलायची, आणि माझी संपते न संपते तोच ती पुढची टाकायची. ऐकणाऱ्याला वाटायचं की गाणं कुठं थांबतच नाही. आजूबाजूच्या गावांत जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, नव्या विहाराच्या कार्यक्रमाला आम्हाला बोलावणं यायचं आणि फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं, "प्रमिला-बेबी आणि पार्टी". पार्टी म्हणजे ढोलकावर बाबा, पेटीवर धनराज काका. हे काका नगरपालिकेत कारकून होते, गाणी तेच रचायचे, चालीही त्यांच्याच.

हा झेल आम्हाला कोणी शिकवला नाही. तो संत्र्यांच्या मंडीत आला. माय, ताई आणि मी, आम्ही तिघी हंगामात तिथं छाटणीला जायचो. ताई ढिगाशी बसायची, संत्रं उचलून हातातच फिरवून बघायची आणि चांगलं असलं की माझ्याकडे फेकायची. मी खोक्याशी उभी. झेलायचं आणि तणसात नीट बसवायचं. दिवसभर तेच. फेकता फेकता ती गायची, झेलता झेलता मी. त्या झेलण्यात मला एक खोड लागली. संत्रं छातीशी येऊन आदळलं की माझा श्वास आपोआप आत जायचा, मग गाण्यात कोणता का शब्द असेना. काकांचं एक गाणं होतं, "विहिरीचं या पाणी, माय, गोड कोणं केलं". त्यात मी दर वेळी 'विहि' म्हणून श्वास घ्यायची आणि मग 'रीचं' म्हणायची. शब्दाचे दोन तुकडे! काका डोक्याला हात लावायचे. "बेबी, विहीर मधातून फोडू नको वं! श्वास अगोदर घे." मी मान हलवून 'हाव' म्हणायची आणि पुन्हा तिथंच घ्यायची. शेवटी बाबांनी त्या फटीत ढोलकाची एक हलकी थाप बसवून दिली. ताईही त्या श्वासाच्या अंदाजानं पुढची ओळ टाकायला लागली. माझी चूक गाण्यात अशी मुरली की ती काढली असती तर गाणंच ढिलं पडलं असतं.

नागपूरच्या एका कॅसेटवाल्यानं आम्हाला जयंतीच्या कार्यक्रमात ऐकलं. त्या दिवसांत पानठेल्यावर, हॉटेलात, वरातीत, जिकडे तिकडे टेप वाजायचा, आणि आमच्या वस्तीतल्या कोणाचा आवाज त्यातून येईल हे म्हणजे आकाशातून येण्यासारखंच होतं. त्यानं काकांना सांगितलं की हंगाम संपला की या, आठ गाणी भरू. पावसाळाभर आणि हंगामभर आमच्या घरात दुसरी गोष्ट नव्हती. माय शेजारणींना कोणी न विचारताच सांगत सुटायची. बाबांनी आम्हा दोघींसाठी दोन सारख्या साड्या आणल्या, पांढऱ्या, निळ्या काठाच्या. मी तोवर साडी नेसलेच नव्हते. माय बाहेर गेली की मी ट्रंक उघडून त्या साडीवरून हात फिरवायची. शाळेत मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. एका पोरीनं विचारलं, "कॅसेटवर फोटो येईल काय तुझा?" मी म्हटलं, "येईल ना! दोघींचा येईल." इतकी खात्री मला पुढं आयुष्यात कशाचीच वाटली नाही.

मग थंडीत एक दिवस माय म्हणाली, "मावशीची तब्येत बरी नाई म्हणते. दोन दिवस जाऊन ये मोहगावले. भाकरतुकडा करून दे तिले." मी म्हटलं, "आन् नागपूरले जायचं आलं तं?" माय चुलीत फुंकत होती. तिनं वर पाहिलं नाही. "त्याले अजून टाइम आहे," म्हणाली. बाबा ओसरीवर होते, ते ढोलकाच्या दोऱ्या आवळत राहिले. ताईनं माझी पिशवी भरून दिली. वेणीसुद्धा घालून दिली, घट्ट, दोन्ही बाजूंनी सारखी. एरवी ती माझ्या केसांना हात लावायची नाही, म्हणायची, उवा आहेत तुझ्या डोक्यात. त्या वेणीवरून तरी मला कळायला पाहिजे होतं. पण मी कसली येडी, खुशीत बसमध्ये बसले आणि सौंसरपर्यंत खिडकीतून मनातल्या मनात आठही गाणी म्हणत गेले. शनिवार होता. जामसांवलीच्या देवळाला जाणाऱ्यांची सौंसरच्या स्टँडवर ही गर्दी, त्यातून वाट काढत मी मोहगावची गाडी धरली.

मावशी आजारी म्हणून गेले तर मावशी अंगणात धुणं वाळत घालत होती! मला पाहून तिच्या हातातलं लुगडं खाली मातीत पडलं. "तब्येत कशी आहे?" म्हटलं तर म्हणते, "कालपासून बरी आहे, आता बरी आहे." आणि मला काही करूच देईना. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं अंगणातली चूल पेटवली, चुलीवर मडकं पालथं घातलं आणि लांब पोळ्या करायला घेतल्या. लांब पोळी म्हणजे गव्हाच्या पिठाचा पातळ, तार सुटणारा गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि तापलेल्या मडक्यावर अलगद टाकायचा. अंगाचं पाणी करणारं काम. आमच्याकडे ते घरी पाव्हणे आले, मटण शिजलं तरच. आज ना सण, ना पाव्हणे. मटणसुद्धा आणलेलं. मी खाट ओढून चुलीपाशी बसले, पोळी रश्शात बुडवून खात होते आणि खाता खाता विहिरीचं गाणं गुणगुणत होते. मावशी म्हणाली, "अजून घे." मी घेतली. "अजून घे वं." तिसरीच्या वेळी मी वर पाहिलं तर तिच्या डोळ्यांतून पाणी. धूर असेल म्हटलं. तेव्हा ती हातातलं पीठ तसंच ठेवून म्हणाली, "माह्यावर राग नको धरू बेबी. तुया मायनं सांगतलं तसं म्या केलं."

"काय केलं?"

"तुले ठेवून घे म्हणे, दोन दिवस. ते आज सकाळच्या पॅसेंजरनं गेले नागपूरले. प्रमिला, तुये बाबा आन् धनराजभाऊ."

माझ्या तोंडात घास होता, तो गिळायचा की थुंकायचा हेच मला कळेना. शेवटी गिळला. मला आठवतं, मी मावशीला विचारलं, "साडी घेऊन गेली काय ताई?" ती बिचारी काय सांगणार! संध्याकाळच्या आधी पांढुर्ण्याला पोचायची गाडी होती. मावशी नको नको म्हणत असताना मी निघाले. तिनं उरलेल्या पोळ्या फडक्यात बांधून पिशवीत कोंबल्या. सौंसरच्या स्टँडवर मी त्या एका कुत्र्याला घातल्या, एकेक करून, सगळ्या. आज लांब पोळी समोर आली तर मी ताट सरकवते. सुना म्हणतात, आईंना आवडत नाही. मी म्हणते, नाही आवडत.

घरी माय एकटी होती. मी सरळ ट्रंक उघडली. दोन साड्यांतली एक नव्हती. माझी जशीच्या तशी घडी करून ठेवलेली. माय दारात उभी राहून म्हणाली, "त्या माणसानं काकाले चिठ्ठी पाठवली होती. एकच बाई पाहिजे म्हणे, एकच नाव. जोडी चालत नाई म्हणे." मी म्हटलं, "मग मले सांगतलं काहून नाई?" तर म्हणाली, "ताई म्हणे, ती ठेसनावर तमाशा करंल." म्हणजे ताईनं ठरवलं, मायनं खोटं सांगितलं, बाबांनी ऐकलं, मावशीनं खाऊ घातलं. काकांनी तर माझ्याच चुका काढत आदल्या आठवड्यापर्यंत माझी तालीम घेतली होती. एकाही माणसाला वाटलं नाही की हिला सांगावं.

दुसऱ्या दिवशी ताई आली ती माझ्यासाठी संत्र्याची बर्फी घेऊन. पांढुर्ण्यात, हंगाम नुकता संपलेला, जिच्या नखांतून संत्र्याचा वास अजून गेला नाही अशा पोरीला संत्र्याची बर्फी! मी तो डबा शेजारच्या बकरीपुढे ठेवला. ताई पाहत होती.

"त्यायनं एकच नाव मागतलं, बेबी. मी काय करू?"

"मले सांगायचं होतं."

"तू रडली असतीस."

"रडली असती ना! मायं रडणं होतं ते. तुले काय करायचं होतं त्याच्याशी?"

माझ्याकडे पाहायचं टाळून ती साडीची घडी घालत राहिली. ती चांगली बहीण नव्हती असं नाही. तापात ती मला मांडीवर घेऊन बसायची, मला आठवतं. म्हणूनच ते जास्त लागलं. परक्यानं केलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते.

जयंतीच्या थोडं आधी कॅसेट आली. कागदावर ताईचा एकटीचा फोटो, मागे रंगवलेला पडदा, खाली एकटीचं नाव. आमच्या घरी टेप नव्हता. चौकातल्या पानठेलेवाल्यानं दुपारी आवाज मोठा करून लावली आणि अख्खी वस्ती ठेल्याभोवती जमली. मी जाणार नव्हते. पण आवाज ओसरीपर्यंत आला. पेटी, ढोलक, मग ताई. आणि तिच्या मागून, तिची ओळ संपायच्या आत, दुसरा बारीक आवाज आला. त्यानं झेल घेतला. "विहि..." श्वास. "...रीचं या पाणी".

माय सूप घेऊन बसली होती. तिचे हात थांबले. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "हा तं तुयाच आवाज वं!" जिनं मला जन्म दिला, माझ्या खोकल्यावरून मला ओळखायची, ती! मी म्हटलं, "मी मोहगावले होती, माय. तूच धाडलं होतं." मायनं पदर तोंडाला लावला. नंतर बाबांकडून कळलं की झेलाशिवाय गाणं उभं राहीना म्हणून तिथल्याच एका मुलीला, नाव न देता, झेल घ्यायला उभं केलं होतं, तिला काही जमेना. शेवटी रेकॉर्डिंगवाल्यानं ताईचा आवाज आधी भरून घेतला, मग तोच ताईच्याच कानात लावून दुसरा आवाजही तिच्याकडूनच गाऊन घेतला. तिनं गळा बारीक केला. माझ्यासारखी गायली. माझी चूकसुद्धा सोडली नाही. त्या चुकीसाठी मी वर्षभर बोलणी खाल्ली होती.

सगळी वस्ती मला शाबासकी द्यायला ओसरीवर आली. "फोटो नाई आला तं काय झालं बेबी, आवाज तं आला ना!" मी काय सांगणार होते? की आमच्या घरानं मला फसवलं? की ही माझी नक्कल आहे? ताई माझ्या शेजारी उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता ती बोलेल. ती म्हणाली, "चहा ठेव ना माय सगळ्यायले." मी चहाचे कप वाटले आणि हाव, हाव म्हणत राहिले.

जयंतीला लोकांना जोडीच पाहिजे होती. मी पहिल्यांदा ती पांढरी साडी नेसले. मायनंच नेसवून दिली. ऊन उतरलं तेव्हा स्टेजवर आम्ही दोघी सारख्या साड्यांत उभ्या राहिलो आणि लोकांनी विहिरीचं गाणं मागितलं. ताईनं ओळ टाकली. मी झेलली. आणि त्या जागी मी श्वास घेतला नाही. काकांनी शंभरदा सांगितलं होतं तसा आधीच छातीत भरून घेतला होता, अन् "विहिरीचं या पाणी" मी सरळ, एका दमात म्हणून टाकलं. इतकी शुद्ध मी कधीच गायले नव्हते. बाबांची थाप रिकाम्या फटीसाठी पडली ती माझ्या शब्दावर पडली. ताई श्वासाची वाट पाहत राहिली, मग उशिरा घुसली, आणि अख्खं कडवं लंगडत गेलं. लोकांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पेटीवर काकांनी मान खाली घातली. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहत होते. उतरल्यावर मी साडीचा पदर खोचला आणि घरी चालत गेले. त्यानंतर मी तिच्यासोबत गायले नाही. कोणासोबतच गायले नाही. तिनं आणखी तीन कॅसेटी काढल्या, एकटीच्या, बिनझेलाच्या. त्या चालल्या नाहीत, आणि मला त्याचा आनंद झाला, हेही लिहूनच टाकते.

ताई लग्न करून सौंसरला गेली. आम्ही भांडलो नाही. एकमेकींच्या घरी गेलो, बाळंतपणं केली, मायबाबांना सोबतच निरोप दिला. काका गेले, मावशी गेली. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. पण ती मला चहा देताना कधी कधी डोळे खाली करायची आणि मला कळायचं की तिला आठवतंय. खरं सांगते, मला ते पुरायचं. माझ्यासोबत काय झालं हे जगात अजून एका माणसाला माहीत आहे, आणि ते माणूस तीच आहे, एवढ्यावर माझं चाललं होतं.

मागच्या थंडीत तिला भेटायला गेले. आता तिला जेवली की नाही तेही आठवत नाही. नातवानं ती जुनी कॅसेट कुठून तरी मोबाइलवर उतरवून घेतली होती. अंगणात उन्हात बसून आम्ही ऐकत होतो. विहिरीचं गाणं लागलं, दुसरा आवाज आला, तसं पोरानं विचारलं, "आजी, ही दुसरी कोण?"

"ही काय, बेबी," ताई म्हणाली. "तुयी लहान आजी."

मी म्हटलं, "ताई, मी नव्हती तिथं. मी मोहगावले होती."

ती माझ्याकडे पाहून हसली. लहानपणी मी काही वेडंवाकडं बोलले की हसायची तशी. "कायची मोहगावले! बाजूलेच तं उभी होतीस. पांढरी साडी नेसून." मग नातवाला म्हणाली, "मी एकटी कधी गायलीच नाई बापा. हिच्याबिगर मले जमतच नव्हतं."

ती खोटं बोलत नव्हती. मी तिचे डोळे नीट पाहिले, त्यांत लाज नव्हती, काहीच नव्हतं. मी होते असंच तिला दिसत होतं. पोरगं खुश होऊन माझ्याकडे पाहत होतं, आणि मी पुन्हा एकदा हाव म्हटलं.

परत येताना बसमध्ये मात्र रडले. ठेसनावर केला असता तो सगळा तमाशा मी त्या बसमध्ये केला, शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली. कारण आता ते माहीत असलेली मी एकटीच उरले आहे, आणि माझंही वय झालं. उद्या मीही कोणाला सांगत बसेन की हो, तो आवाज माझाच. म्हणून शुद्धीत आहे तोवर लिहून ठेवते. त्या दिवशी मी मोहगावला होते.